कोऱ्या चित्रातला गणपती

सासूबाईंना चौदा नंबरच्या चित्रात गणपती दिसला, तेव्हा मला अजिबात हसू आलं नाही. आज हे हसत लिहिता येतंय. पण त्या रविवारी दुपारी मी इंग्लंडात, मेडनहेडच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा ट्रे धरून उभा होतो आणि मनात एवढंच येत होतं की संपलं, पोरीचं सगळं काम वाया गेलं. कारण चौदा नंबरचं चित्र कोरं होतं. त्यात काहीही नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आमची मुलगी मँचेस्टरला पीएचडी करते. जन्म इथलाच, शाळा इथलीच. तिचा विषय कॉम्प्युटरचा, पण ती ज्या वस्तूवर काम करते ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. इटलीत एक ज्वालामुखी फुटला, त्याच्या पायथ्याचं एक गाव गाडलं गेलं, आणि त्या गावातल्या एका मोठ्या घरात पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. पपायरस म्हणजे पाणथळ जागेत उगवणाऱ्या एका वनस्पतीपासून केलेला जुना कागद. त्यावर एका पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांचं लेखन होतं. त्यातलं बरंचसं जगात दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. उष्णतेनं त्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला आणि कोळसा झाला म्हणूनच त्या कुजल्या नाहीत. मुलीनं पहिल्यांदा फोटो दाखवला, "बाबा, हा बघ माझा ग्रंथ," म्हणाली. भरताचं वांगं गॅसवर ठेवून विसरलं तर जसं होईल, तसं काहीतरी दिसत होतं.

ही गुंडाळी उलगडायला गेलं की तिचा चुरा होतो. म्हणून ती उलगडायचीच नाही. जबरदस्त ताकदीच्या क्ष-किरणांनी आतून तिचे फोटो काढायचे, मग पडद्यावर एकेका थराचा माग काढत तो कागद सपाट करायचा. इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं होतं. पुढची अडचण अशी की शाई काजळीची आणि कागद कोळशाचा. काळ्यावर काळं. क्ष-किरणांना दोन्ही सारखंच दिसतं. मग मशीनला शिकवावं लागतं. जिथे शाई आहे हे आधीच माहीत आहे असे तुकडे त्याला दाखवायचे, ही शाई, हा नुसता कागद, असं खुणा करून सांगायचं. असं पुष्कळदा सांगितलं की आपल्या डोळ्यांना न कळणारा काहीतरी फरक मशीन पकडतं. त्यानंतर त्याला कधीच न दाखवलेला तुकडा द्यायचा आणि विचारायचं, इथे काय आहे?

या वसंतात तिच्या मशीनला अशा न दाखवलेल्या तुकड्यात दोन शब्द सापडले. पहिला शब्द 'भीती', ज्यावरून आपण फोबिया म्हणतो तो. त्याला लागून 'देव'. देवांची भीती. त्या पंथाचे तत्त्वज्ञ याच विषयावर खूप लिहीत असत, असं तिनं सांगितलं, त्यामुळे सगळे फार खूष झाले. तिच्या गाईडबाईंनी ते दोन शब्द एका बैठकीत मांडायचं ठरवलं. त्या बैठकीला बाहेरून ग्रीकचे जाणकार येणार होते. आमच्या घरी शिरा झाला. मी इथल्या मराठी मंडळात चार जणांना सांगितलं, खरं तर दहा जणांना.

आणि बैठकीच्या तीन आठवडे आधी, शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तू बिझी आहेस?"

"नाही, बोल."

"मी एक मिस्टेक केला आहे. आय थिंक. मोठा."

तिला मराठी बोलताना लिंगं सांभाळता येत नाहीत. एरवी मी दुरुस्त करतो. त्या दिवशी तिचा आवाजच असा होता की ते सुचलंही नाही.

झालं होतं असं. गुंडाळीतल्या कागदाचा माग दोन जणांनी दोन बाजूंनी काढला होता. मध्ये एक पट्टी अशी होती की ती दोघांच्याही कामात आली, पण वेगवेगळ्या नंबरांखाली. एका नंबरखालची पट्टी मशीनला शिकवताना वापरली गेली, खुणांसकट. त्या खुणा ग्रीक उत्तम येणाऱ्या एका माणसानं हातानं केलेल्या. दुसऱ्या नंबरखाली तीच पट्टी मुलीनं मशीनला "हे तू कधी पाहिलेलं नाहीस" म्हणून दिली. आणि ते दोन्ही शब्द नेमके त्या पट्टीतले.

"म्हणजे पेपर फुटलेला होता," मी म्हणालो.

"व्हॉट?"

"परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका बाहेर आली. उत्तरांसकट."

"येस. एग्झॅक्टली तसा." मग ती म्हणाली, "त्या माणसाला वाटलं असेल, फिअर आहे म्हणजे पुढे गॉड्स असणार. त्यानी मार्क केलं. मग मशीनला पण गॉड्स दिसले. आणि आम्ही सगळे म्हणालो, वाव."

"कोणाला सांगितलंस?"

"नाही. बाबा, कोणालाच कळणार नाही. ते दोन नंबर कोणी कंपेअर करत नाहीत. मी पण बाय ॲक्सिडेंट बघितलं."

मी एका पेन्शन योजनेच्या ऑफिसात काम करतो. लोकांच्या नोकरीची वर्षं, पगार, जन्मतारखा तपासणं हा माझा रोजचा उद्योग. ज्यानं नोंद केली त्यानं ती तपासायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. "कोणाला कळणार नाही" हे वाक्य मी कामावर किती जणांच्या तोंडून ऐकलं आहे आणि पुढे काय झालं तेही पाहिलं आहे. दुसरं कोणी असतं तर मला काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. पण ती माझी मुलगी होती, तिची तीन वर्षं त्यात गेली होती, आणि मी इकडून काही उपदेश केला असता तर तिनं फोन ठेवला असता. मी म्हणालो, "आधी खरं काय आहे ते बघू या."

"मी मशीन परत शिकवते. तो स्ट्रिप काढून टाकून. पण मग जे येईल ते मी बघणार ना? मला आता ग्रीक येतो थोडा. मला तेच दिसणार. माझे डोळे खराब झालेत."

"मग दुसऱ्या कोणाला तरी दाखव."

"इथे सगळ्यांनी ते शब्द ऐकलेत. मला असे लोक पाहिजेत ज्यांना ग्रीक अजिबातच येत नाही. ज्यांना एक अक्षर पण माहीत नाही. तू आणि मम्मी."

"मला फाय येतो. थीटा येतो. सिग्मा तर रोजच्या कामात लागतो."

"ओह गॉड. मॅथ्स."

बायको शेजारीच होती. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. "मी रोज बीटा ब्लॉकर देते," ती फोनमध्ये ओरडली, "मी पण बाद."

अशी आमची शोधाशोध सुरू झाली. ग्रीकचं एकही अक्षर न येणारा मराठी माणूस शोधायचा, आणि तोही मेडनहेडमध्ये. वाचताना सोपं वाटेल. पण आमच्या मंडळात जो तो इंजिनिअर, नाहीतर डॉक्टर, नाहीतर फायनान्समधला. गणेशोत्सवाच्या तयारीची मीटिंग एका शाळेच्या हॉलमध्ये होती, तिथे मी माझ्या एका जुन्या मित्राला बाजूला घेऊन विषय काढला. तो टेलिकॉममध्ये आहे. शब्द कोणते ते मी अर्थातच सांगितलं नाही. नेमके तेच शब्द मीच वसंतात त्याला सांगितले होते हे तो विसरला नव्हता, हा भाग वेगळा.

"मी आहे की," तो म्हणाला. "मला कुठे ग्रीक येतं?"

मी मोबाइलवर त्याला एक चित्र दाखवलं. दुसऱ्याच कुठल्या तरी तुकड्यातलं, अगदी पुसट.

"अरे हा फाय! मॅग्नेटिक फ्लक्स! आडवा पडलाय बिचारा."

"झालं. तू नापास."

"ओळखलं म्हणून नापास?"

"ओळखलंस म्हणूनच."

"आयुष्यात पहिल्यांदा अभ्यास केल्याचा तोटा झाला," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "आईला घे. ती आलीय सहा महिन्यांसाठी. मॅट्रिकला तिनं अंकगणित घेतलं होतं, बीजगणिताचं तोंड पाहिलेलं नाही. गेली पन्नास वर्षं मला ऐकवतेय."

तिथे मला मार्ग दिसला. उन्हाळ्यात आमच्या गावात आईवडिलांची वस्ती वाढते. व्हिजिटर व्हिसावर आलेले, नातवंडांना शाळेतून आणणारे, दुपारी बागेतल्या बाकांवर बसून इथल्या भाज्यांना नावं ठेवणारे. त्यांच्या पिढीत मॅट्रिकला बीजगणित टाळता येत असे, आणि पुष्कळांनी ते मनापासून टाळलं होतं. अडचण एकच. कोणाला ग्रीक अक्षरं येतात का हे विचारायचं, तर अक्षरं दाखवावी लागणार, आणि दाखवली की ती त्यांना येणार. म्हणून मी सगळ्यांना एवढंच विचारत सुटलो, "मॅट्रिकला गणित कोणतं होतं तुमचं?" बायको म्हणाली, लोकांना वाटेल तू क्लास काढतोयस.

शेवटी चौघं मिळाली. मित्राची आई. नागपूरहून मुलाकडे आलेले एक काका आणि त्यांच्या काकू. काका एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवरून निवृत्त झालेले. आणि चौथ्या आमच्या सासूबाई, ज्या तेव्हा आमच्याकडेच होत्या आणि ज्यांना मी सर्वांत शेवटी विचारलं म्हणून थोड्या रागावल्या होत्या.

दरम्यान मुलीनं मशीन नव्यानं शिकवलं. ती पट्टी दोन्ही नंबरांखालून काढून टाकली. मग त्या पट्टीत नव्या मशीनला जे दिसलं, त्याची एकेका अक्षराएवढी चौकोनी चित्रं कापली. दोन शब्दांची मिळून आठ; 'भीती'त एक अक्षर दोनदा येतं, ते एकदाच घेतलं. जिथे शाई आहे याबद्दल कोणाचाच वाद नाही अशा जागांची चार. आणि मजकुराच्या दोन स्तंभांमधल्या मोकळ्या समासातली, जिथे कोणी काही लिहिलेलंच नव्हतं, अशी बारा. एकूण चोवीस. प्रत्येक चित्र मनाला येईल तसं फिरवलं, कोणतं आडवं, कोणतं उलटं, म्हणजे इंग्रजी अक्षरांसारखं काही असलं तरी चटकन ओळखू येऊ नये. मी तिला विचारलं, "ही बाहेर दाखवलेली चालतात का?" ती म्हणाली, स्कॅन सगळ्यांसाठी खुले आहेत, कोणीही बघू शकतं. तरी मी दोनदा विचारलं. मग घरच्या प्रिंटरवर छापली, पिसली, मागे नंबर घातले आणि कोणता नंबर कोणत्या जागेचा ते लॅपटॉपवर उतरवून ठेवलं.

रविवारी जेवणं झाल्यावर चौघांना टेबलाभोवती बसवलं, पण एकमेकांचे कागद दिसणार नाहीत असं. मधे तांदळाचे डबे आणि धान्याच्या बरण्या उभ्या केल्या. मी सूचना दिली, "ओळखायचं काही नाही. जी रेघ दिसते ती काढायची. काही दिसलं नाही तर कागद कोरा ठेवायचा. बोलायचं नाही."

"बोलायचं नाही म्हणजे?" मित्राची आई म्हणाली. "दुपारभर?"

"चित्राबद्दल बोलायचं नाही. बाकी बोला."

पहिलं चित्र फिरलं. करड्या रंगाचे ढग, त्यात थोडा गडद डाग.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझी पोळी करपली तर तुम्ही इतकं निरखून नाही हो बघत."

"आई, चित्राबद्दल नाही."

"मी पोळीबद्दल बोलतेय."

नागपूरच्या काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यात तं काहीच दिसून नाही राहिलं बाप्पा."

"मग कोरा ठेवा."

"कोरा ठेवू? पोरीला वाईट नाही ना वाटणार?"

"काका, पोरीला खरं पाहिजे."

"मंग कोरा."

त्यांचा तो कागद कोरा राहिला, आणि ते चित्र नेमकं 'देव' या शब्दातलं होतं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. बायको हे सगळं सोफ्यावरून बघत होती. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू इथेच थांब," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणतं चित्र कुठलं ते तुला माहीत आहे आणि तुझा चेहरा वर्तमानपत्रासारखा आहे. कोणीही वाचेल. चित्रं मी फिरवते."

तिचं बरोबर होतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहू नये, हे मला स्वतःला सुचायला हवं होतं. पहिली दोन चित्रं पुन्हा शेवटी घ्यायची असं ठरलं, आणि मी चहा केला. मग दुसऱ्यांदा चहा केला. मग कांदा चिरला, संध्याकाळी काय करायचं ते ठरलेलं नसताना. बाहेरून आवाज येत होते. पेन्सिलींचे, नागपूरच्या काकूंच्या हसण्याचे, मधेच "खोडरबर द्या हो कोणीतरी."

तिसऱ्यांदा चहा घेऊन दारात आलो आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, यात तर गणपती आहे. सोंड बघ कशी डावीकडे वळलीय."

"आई, बोलायचं नाही ना," बायको म्हणाली.

"देव दिसला तरी बोलायचं नाही?"

बायकोनं हातातला कागद उलटा करून नंबर पाहिला. चौदा. तो पाठ होता मला. समासातली मोकळी जागा. तिथे शाईचा थेंबही नव्हता.

मी ट्रे ठेवला आणि परत आत गेलो. कोऱ्या जागेत जर माणसाला सोंडेसकट गणपती दिसतो, तर मशीननं दाखवलेल्या बाकीच्या जागांत काय वाटेल ते दिसेल. मग 'भीती'ही तशीच दिसलेली, 'देव'ही तसाच. पोरीकडे एकही शब्द उरत नव्हता. आणि कोणालाच कळणार नाही म्हणालेली मुलगी एकही शब्द न उरल्यावर काय करेल, याची मला भीती वाटत होती. ती लबाड आहे असं मला कधीच वाटलं नाही. पण थकलेला माणूस काय करतो ते मी ऑफिसात पाहिलं आहे.

पाहुणे गेल्यावर सगळे कागद मी जमिनीवर मांडले. चोवीस ओळी, चार रकाने. बायको म्हणाली, रांगोळी घातल्यासारखं दिसतंय. मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. मी पहिल्यांदा चौदा नंबर कॅमेऱ्यासमोर धरला, वाईट बातमी आधी सांगावी म्हणून.

"हे कोरं होतं. आणि आजीला यात गणपती दिसला."

तिकडे ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "सो क्यूट. बाकीच्यांना काय दिसलं?"

मी बाकीचे तीन कागद धरले. मित्राच्या आईनं एक पान काढलं होतं, पिंपळाचं असावं. नागपूरच्या काकूंनी दोन आडव्या रेघा. काकांचा कोरा.

"बाबा, मग प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम काय म्हणजे? काही नसताना दिसलं ना?"

"दिसू दे. गणपती चालेल. सगळ्यांना तोच गणपती दिसला असता तर मी घाबरला असता. काही नसेल तर प्रत्येकाला आपापलं दिसणार. काही असेल तर सगळ्यांना तेच दिसणार. तू एकेक ओळ दाखव."

हे इतकं साधं होतं की मला स्वतःचा राग आला. दिवसभर मी एकेक कागद तपासत होतो, आणि तपासायचं होतं ते ओळीत. आम्ही ओळी घेतल्या. जिथे शाई नक्की होती त्या चारही ओळींत चौघांनी एकच आकार काढला होता, कोणाचा मोठा, कोणाचा वाकडा, पण एकच. कोऱ्या बारा ओळींत पोपट होता, नदीचा नकाशा होता, इस्त्री होती, आणि पुष्कळ कोरे कागद. कुठल्याही दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

मग 'भीती'ची चार अक्षरं. पहिल्यात एक गोल आणि त्याच्या आरपार गेलेली रेघ. चौघांचीही. मित्राच्या आईनं गोल इतका नीट काढला होता की वाटी ठेवून काढल्यासारखा. दुसरं चौघांचं एक. तिसरं चौघांचं एक. चौथ्यात नागपूरच्या काकांनी अर्धवट काढून सोडून दिलं होतं, बाकी तिघांचं जमत होतं.

पडद्यावर मुलीचा फक्त कपाळाचा वरचा भाग दिसत होता, कारण तिनं डोकं टेबलावर टेकवलं होतं.

"अगं, आहे," मी म्हणालो. "शब्द आहे."

"दुसरा दाखव."

'देव'ची चार. पहिल्यात तिघांना गोल दिसला होता, पण थीटाच्या आतली रेघ नाही. दुसऱ्या अक्षरात एकाला मासा, एकाला जिना, दोघांचे कोरे. तिसऱ्यात काहीच जमेना. चौथ्यात काकूंनी पोपटच काढला होता, त्यांना पोपट फार दिसत होते. तो गोल सोडला तर ओळीतल्या ओळीत बाकी तिन्ही त्या बारा कोऱ्या चित्रांसारखीच होती.

"गेला," ती म्हणाली. "दुसरा शब्द नाहीच तिथे. असेल काहीतरी. पण गॉड्स नाही."

"एक राहिला ना पण."

"हो. एक राहिला." मग ती उठून बसली. डोळे लाल होते. "आजीला थँक्यू सांग. सगळ्यांना सांग. आणि मम्मी, तू फिरवलीस म्हणून स्पेशल थँक्यू, बाबांचा फेस खूप बॅड आहे."

पुढे काय करणार, हे मी विचारलं नाही. तोंडावर आलेलं गिळलं. विचारलं असतं तर माझ्या धाकानं केलं असं तिला आयुष्यभर वाटलं असतं, आणि मलाही. चौघांचे कागद मी स्कॅन करून तिला पाठवले, मूळ कागद नंबरवार पाकिटात घातले. पुढचे दिवस मी शांतपणे घालवले असं म्हणता येणार नाही. बायको म्हणाली की मी झोपेत दात खातो.

बैठक गुरुवारी होती. दुपारच्या सुटीत मी ऑफिसबाहेर, नदीकडच्या बाकावर बसलो होतो. डबा उघडला नव्हता. तिचा फोन आला तेव्हा मागे ट्रामची घोषणा चालली होती.

"बाबा, झालं. एक शब्द ॲक्सेप्ट झाला. फिअर. दुसरा मी विथड्रॉ केला."

"कसं झालं? कोणी विचारलं का?"

"कोणी विचारायच्या आधीच. मी पहिला स्लाइड तोच ठेवला. दोन ट्रेस, एक स्ट्रिप, माझा मिस्टेक. मग आजी लोकांचे ड्रॉइंग्ज."

"आणि तुझ्या गाईडबाई?"

"त्यांना मी सोमवारीच सांगितलं. त्या दिवशी त्या खूप अपसेट झाल्या. मग म्हणाल्या, आधी सांगितलंस ते बरं केलंस. आज एक म्हातारे प्रोफेसर होते, ग्रीकचे. ते म्हणाले, गॉड्स तिथे मावतच नव्हता, त्यांना जागा कमी वाटत होती, पण सगळे इतके हॅपी होते की ते गप्प बसले. आता पुढचा कॉलम मलाच देतायत, बाबा. आणि टेस्ट अशीच करायची म्हणाले. अजून लोक लागतील."

"जेवलीस का?"

"ट्राम आली. खाते काहीतरी."

फोन बंद झाला. सोमवारी. म्हणजे रविवारी संध्याकाळी आमचं बोलणं झालं आणि दुसऱ्याच दिवशी ती गाईडबाईंच्या दारात उभी होती, आणि मी गुरुवारपर्यंत दात खात होतो. ऑफिसात परत गेलो, पण कोणाच्या जन्मतारखा तपासण्याच्या अवस्थेत नव्हतो. साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बायकोला कामावर मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "मला सोमवारीच कळलं होतं, तिनं सांगू नको म्हटलं. तुला स्वतः सांगायचं होतं तिला." त्यावर मला रागवायचं होतं, पण जमलं नाही.

घरी सासूबाई एकट्याच होत्या, बाहेर कपडे वाळत घालत. मी त्यांना सगळं सांगितलं. एक शब्द राहिला, एक गेला, पोरीनं स्वतः होऊन सांगितलं, पुढचं काम तिलाच मिळालं. त्यांनी हातातला चिमटा तसाच धरून सगळं ऐकलं.

"आणि जो राहिला तो भीतीचा?"

"हो, आई."

"मग त्या माणसाला कशाची भीती वाटत होती?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही. पुढचं वाचता येत नाही."

"वाचेल ती," त्या म्हणाल्या आणि चादर झटकून दोरीवर टाकली.

मी आत आलो, बूट न काढताच सोफ्यावर आडवा झालो, आणि बायकोनं येऊन दिवा लावेपर्यंत झोपलो.